जुन्या गेमचा एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, दिसतात तो आकडा) मोजताना
आधी व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) बंद कर, मित्रा. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ते चालू असेल तर आकडा साठावर अडकतो आणि ग्राफिक्स कार्डाची खरी ताकद कळतच नाही. १९९६च्या क्वेक या गेममध्ये कन्सोल (आज्ञा टाइप करायची जागा) उघडून 'timedemo demo1' टाइप कर. रेकॉर्ड केलेला खेळ जमेल तितक्या वेगाने पळतो, शेवटी सरासरी दिसते. पहिल्या वेळचा आकडा सोडून दे, तेव्हा डिस्कवरून फाइली लोड होत असतात.

सरासरीवर फार भाळू नकोस (मी वर्षानुवर्षं भाळलो होतो). ६० एफपीएसला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांत यायला हवी. मध्येच एखादी शंभर घेते, खेळ अडखळतो, सरासरी मात्र गोंडसच राहते! फ्रेमटाइमचा (प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख बघ. आणि हो, क्वेक ३ खेळताना ८५ वर अडकलास तर ती गेमचीच मर्यादा आहे, कार्डाची नव्हे.