बाग तुमची गेली, फेड त्यानं का करायची?

(पत्राचा सारांश : मी हडपसरला कंपनीत आहे, मूळ गाव पारगाव. पुरंदर विमानतळात आमची अंजिराची बाग जाणार. मुलगा बारावी सायन्सला, अकरावीत ६१ टक्के. भरपाईतून त्याला एअरपोर्ट मॅनेजमेंटचा वर्षभराचा डिप्लोमा करायला लावायचं ठरवलंय, फी साडेतीन लाख. जमीन गेली तर निदान तिथं नोकरी तरी लागेल. तो ऐकत नाही. गटांचा नकाशा घेऊन त्यावर विहिरी आणि ओढे काढत बसतो. – एक पालक, हडपसर)

नमस्कार.

६१ टक्क्यांनी मला काही वाटलं नाही. खटकलं ते ‘ठरवलंय’. बाग जाणार याचा सल तुमच्या ओळीओळीत आहे, तो खराच आहे. पण तो मुलाच्या नोकरीनं भरून काढायचा? आणि भरपाई अजून हातात नाही, तोवर तिची वाटणीही झाली! दोन पानांच्या पत्रात त्याला काय आवडतं याची एकच ओळ आहे, तीही तक्रार म्हणून.

आता डिप्लोमा. नावात मॅनेजमेंट असलं तरी असे कोर्स करून मुलं बहुतेक चेक-इन काउंटरवर किंवा ग्राउंड स्टाफमध्ये लागतात. काम चांगलं आहे, कष्टाचं आहे; पण त्यासाठी साडेतीन लाख मोजू नका. शिवाय हा कोर्स वर्षात संपेल, विमानतळाचं तसं नसतं. पुरंदरची घोषणा २०१६ची, तेव्हा तुमचा मुलगा दुसरी-तिसरीत असेल. नवी मुंबईचा विचार १९९७पासूनचा. टेकडी कापली, उलवे नदी वळवली, गावं उठवली, तेव्हा कुठे डिसेंबर २०२५मध्ये प्रवासी विमानं सुरू झाली. तोही पहिलाच टप्पा, वर्षाला दोन कोटी प्रवाशांचा. शेवटचा आराखडा नऊ कोटींचा आहे. आपल्या पुण्याच्या लोहगाव विमानतळावर २०२४मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, पण धावपट्टी हवाई दलाची. नुसती इमारत वाढवून विमानं वाढत नाहीत. वीस-तीस वर्षांनी किती माणसं येतील, दुसऱ्या धावपट्टीची जागा आजच कुठे राखायची, डोंगरावरून येणारं पाणी कुठून काढायचं, हे मांडणारी माणसं वेगळी. ती सिव्हिल इंजिनिअर असतात किंवा प्लॅनर.

आणि तुमच्या घरात एक जण हेच करत बसलाय! कोणत्या विहिरीवर कोणाची बाग, हे तो निळ्या पेनानं जोडतो असं तुम्हीच लिहिलंय. मोजणीला येणाऱ्या माणसाला हे गावात विचारत फिरावं लागतं. उद्या शिकून तो विमानतळाच्या बाजूनं आराखडा करेल की गावाच्या बाजूनं त्यातल्या चुका काढेल, ते त्याचं त्याला ठरवू दे. दोन्हीकडे जाणकार कमीच आहेत.

बारावीला गणित असेल तर जेईई मेनचा बी. प्लॅनिंगचा पेपर द्यावा, शिवाजीनगरला सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठातही प्लॅनिंगची पदवी आहे. किंवा त्याच गणितावर सीईटी देऊन सिव्हिल. सिव्हिलनंतर इंजिनिअरांची गेट परीक्षा दिली तर विमानतळ प्राधिकरणातली भरतीही त्या गुणांवर होते.

डिप्लोमावाल्यांना टोकन दिलं असेल तर आजच मागून घ्या. पुढचं पत्र मात्र त्याच्या हातचं हवं, सोबत नकाशाचा फोटो. त्यानं ओढा कुठून काढलाय, ते मला बघायचंय.