पहिला नकाशा तासगावचाच करा

उपग्रहाच्या प्रतिमेवरून पिकांचा नकाशा करायला शिकताना अख्खा सांगली जिल्हा एकदम घेऊ नका. तासगावजवळची चार-पाच गावं पुरेत. रान पायाखालचं असलं की नकाशातली चूक लगेच डोळ्यात भरते.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची मोफत प्रतिमा आणि क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर, एवढ्यावर काम सुरू होतं. ८, ४, ३ हे पट्टे (प्रतिमेत वेगवेगळे नोंदलेले प्रकाशाचे भाग; ८ म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त) अनुक्रमे लाल, हिरव्या, निळ्या रंगाला जोडा. हिरवी पिकं लालभडक दिसतील. वर्गीकरणाचं, म्हणजे कुठे ऊस, कुठे पाणी हे सॉफ्टवेअरकडून ठरवून घेण्याचं, बटण दाबण्याआधी तासभर नुसतं बघत बसा, हा वेळ वाया जात नाही.

नवीन माणूस सगळ्यात जास्त फसतो तो एकाच तारखेवर. जानेवारीत ऊस हिरवा आणि द्राक्षबागही हिरवी. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की तीच बाग वरून उघड्या रानासारखी दिसते, ऊस मात्र उभाच असतो. म्हणून दोन्ही महिन्यांच्या प्रतिमा घ्या. पावसाळ्यातल्या नकोत, ढगच मिळतील.

बाकी चुका:

- पंधरा वर्ग करणं. पाणी, ऊस, बाग, कोरडवाहू-पडीक, वस्ती एवढेच ठेवा.
- बांधाला चिकटून नमुने (सॉफ्टवेअरला पीक ओळखायला शिकवणारे तुकडे) काढणं. पिक्सेल, म्हणजे प्रतिमेचा एक ठिपका, 10 मीटरचा, त्यात दोन पिकं मिसळतात. शेताच्या मधोमध काढा.
- शिकवलेल्याच नमुन्यांवर अचूकता तपासणं. तपासणीची शेतं वेगळी हवीत.

पुढे कोयना खोऱ्याकडे वळलात तर हिवाळ्यातल्या डोंगरसावल्या जपा, मीही त्या पाणी म्हणून रंगवल्या होत्या.

रँडम फॉरेस्ट वगैरे वर्गीकरणाच्या पुढच्या पद्धती नंतर. या रविवारी मोबाइलवर वीस शेतांच्या जागा नोंदवून या.