‘अमाना’ हे नाव फ्रिजवरही दिसतं आणि घर गरम करणाऱ्या फर्नेसवरही. कंपनी एकच आहे का?

आता नाही, पूर्वी होती. गंमत तिच्या जन्मात आहे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जर्मन वंशाच्या एका धार्मिक पंथाची सात गावं होती. जमीन सामाईक, जेवणही सामाईक स्वयंपाकघरांत. 1932 मध्ये ही व्यवस्था मोडली. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चूल पेटली नव्हती, त्यांच्यातल्याच जॉर्ज फोर्स्टनरनं 1934 मध्ये शीतपेटीचा धंदा काढला! पुढे फ्रीझर, एसी वगैरे आलं.

1965 मध्ये रेथिऑननं कंपनी घेतली. रेथिऑन रडारवाली, तिथल्या पर्सी स्पेन्सरच्या खिशातलं चॉकलेट रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ (सूक्ष्मलहरी तयार करणाऱ्या नळीजवळ) वितळलं आणि मायक्रोवेव्हची कल्पना सुचली, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. सुरुवातीचे ओव्हन कपाटाएवढे. 1967 मध्ये अमानानं ओट्यावर मावणारा, घरातल्या साध्या प्लगवर चालणारा ‘रडाररेंज’ 495 डॉलरला आणला. तेव्हा ही किंमत काही थोडीथोडकी नव्हती.

1997 मध्ये कंपनी एसी-फर्नेस बनवणाऱ्या गुडमनकडे गेली. त्यांनी 2001 मध्ये फ्रिज-ओव्हनचा भाग मेटॅग या घरगुती उपकरणांच्या कंपनीला विकला, एसी-फर्नेस स्वतःकडे ठेवले. 2006 मध्ये मेटॅग व्हर्लपूलच्या पोटात गेली, 2012 मध्ये गुडमन जपानच्या डाइकिनच्या. त्यामुळे आडनाव एक, घरं दोन.