बेट फोडायचं कधी? बागेचे तुमचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त लोकांची तक्रार उलटीच आहे, झाड मेलं नाही, कीड लागली नाही, उलट इतकं माजलंय की आता याचं करायचं काय. कुंडी फुटली, वाफा भरला, पानंच पानं नि फुलं नाहीत वगैरे. म्हणून कीड, खतं सगळं पुढच्या अंकावर ढकललंय नि या वेळी फक्त बेट फोडणं, म्हणजे दाट झालेला झुबका उकरून, त्याचे तुकडे करून पुन्हा लावणं.

प्रश्न (पुणे): आमच्या घरामागे नळाजवळ सोनटक्का आहे. सासूबाईंनी ७-८ वर्षांपूर्वी २ गड्डे लावले होते, आता बेट ४ फूट रुंद झालंय. आधी गौरींच्या दिवसांत रोज ओंजळभर फुलं निघायची, गेल्या वर्षी कशीबशी ८-१० मिळाली, तीही कडेच्या दांड्यांना. मधे नुसतीच वाळकी खोडं. सासूबाई म्हणतात मृग लागला की फोड, शेजारचे काका म्हणतात आत्ताच फाल्गुनात फोडा. कुणाचं ऐकू?

ताई, "तीही कडेच्या दांड्यांना" हे तुम्ही जाता जाता लिहिलंय ना, उत्तर तिथेच आहे. सोनटक्का आल्या-हळदीच्या घरातला, त्याचा गड्डा जमिनीखालून पुढे पुढे सरकत जातो, नवे डोळे (जिथून कोंब फुटतो ते) नेहमी पुढच्या टोकाला, आणि जिथून सुरुवात झाली तो मधला भाग म्हातारा होऊन बसतो. मग बेट बांगडीसारखं दिसायला लागतं, कडेला हिरवं नि मधे पोकळ. अशी बांगडी दिसली की फोडायची वेळ झाली, मग वर्षं ४ झालीत की ८ ते मोजत बसू नका. लोक मला कायम विचारतात "दर किती वर्षांनी?" आणि मी कायम सांगते की आधी वाकून मधे हात घालून बघा, वाळकी खोडं ओढल्यावर सहज हातात येत असतील आणि खाली कोंब लागत नसेल तर झालं.

पण त्याआधी एक विचारते, तो नळ पूर्वी गळायचा का, नि तुम्ही दुरुस्त करून घेतला का? हसू नका, खरंच विचारतेय, सोनटक्क्याला ओल लागते आणि आपल्याकडची कितीतरी जुनी बेटं गळक्या नळावर नि मोरीच्या पाण्यावरच पोसलेली असतात. तसंच शेजारी नवी बिल्डिंग उठली, आंब्याने सावली धरली तरी फुलं कमी होतात आणि ते बेट फोडून सुधरत नाही. फक्त, ओल नि ऊन कमी पडलं तर सगळं बेटच सुकट होतं, मधेच पोकळ होत नाही, म्हणून तुमच्याकडे मला तरी दाटीच वाटते.

आता वेळ. काका आणि सासूबाई दोघंही बरोबर आहेत, फरक पाण्याचा आहे. ज्या दांड्यावर श्रावण-भाद्रपदात फूल येणार तो दांडा उन्हाळ्याच्या शेवटी नि पहिल्या पावसात वाढतो, त्यामुळे आत्ता फोडलंत तर गड्ड्याला मुळ्या धरायला ३ महिने मिळतात आणि याच वर्षी थोडी तरी फुलं दिसतात, पण मग एप्रिल-मे रोज पाणी घालावं लागेल, सुट्टीत गावाला गेलात नि पाणी चुकलं की संपलं. ते जमणार नसेल तर सासूबाईंचा मृग, म्हणजे जूनचा पहिला आठवडा उलटला आणि २-३ चांगल्या सरी पडून माती आतपर्यंत भिजली की लगेच, या वर्षीची फुलं कमी येतील एवढंच. काहीही झालं तरी जुलै-ऑगस्टच्या झडीत नको. मी एकदा ऐन झडीत हौसेने फोडलं होतं, कापलेली तोंडं सुकलीच नाहीत, १४ पैकी ११ तुकडे हाताला बुळबुळीत लागले.

आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या, दांडे वीतभर ठेवून बाकी छाटून टाका, मग बेटापासून वीतभर लांबून पहार घालून चारी बाजूंनी सैल करा. एवढं मोठं बेट एका बाईने एका झटक्यात उचलायचं नाही, कंबर धरते, जागेवरच कुदळीने दोन तुकडे करून एकेक काढा. गड्डा तुटल्यावर आल्यासारखा वास येतो, तो आला आणि आतून पांढरट, कडक दिसलं की गड्डा चांगला. तपकिरी, पोकळ, भुसभुशीत ते सगळं कंपोस्टमध्ये, जीव लावायचा नाही. प्रत्येक तुकड्याला २-३ डोळे हवेत. कापलेल्या तोंडाला राख किंवा हळद लावून एक दिवस सावलीत ठेवा, मग शेणखत मिसळलेल्या मातीत २-३ इंच खोल, दीड फुटावर एक. आणि सगळं बेट एकाच वर्षी फोडू नका हो, या वर्षी अर्धं, पुढच्या वर्षी अर्धं, गौरी दर वर्षी येतात.

प्रश्न (डोंबिवली): बाल्कनीत स्नेक प्लांट आहे, पिवळ्या कडेचा. प्लॅस्टिकची कुंडी एका बाजूने फुगली आणि काल चक्क तडकली. पावसाळ्याची वाट बघू का? की पानं कापूनच नवीन लावू?

नका वाट बघू. कुंडीतल्या झाडाला आकाशातल्या पावसाशी फारसं देणंघेणं नसतं, पाणी तुम्हीच घालता. फेब्रुवारीपासून पुढे ऊब आली की कधीही काढा, कडाक्याच्या थंडीत तेवढं टाळा. कुंडी तशीही गेलीय, कात्रीने कापून काढा. आत जाड पांढरे-केशरी कंद एकमेकांत गुंतलेले दिसतील, धारदार सुरीने पिल्लू नि त्याच्या मुळ्या असं वेगळं करा, २ दिवस कोरडं ठेवा आणि लावल्यावरही चार-पाच दिवस पाणी देऊ नका. पान कापून लावलंत तर झाड येईल पण साधं हिरवं येईल, पिवळी कड पानाच्या तुकड्यातून येत नाही, ती फक्त पिल्लू वेगळं केलं तरच टिकते. कितीतरी जण मला लिहितात की नर्सरीवाल्याने फसवलं, नि विचारलं तर यांनीच पान रोवलेलं असतं.

प्रश्न (चिपळूण): परसातल्या गवती चहाचं बेट फार मोठं झालंय, पानं बारीक, मधे सगळं वाळलेलं. आमच्याकडे पाऊस म्हणजे पाऊसच, कधी फोडावं?

पहिल्या पावसात, आणि कोकणात पहिला म्हणजे खरंच पहिला. जून अर्धा सरेपर्यंत उरकून टाका, पुढे तुमच्याकडे जे धो धो लागतं त्यात नवीन तुकडा मुळासकट वाहून जातो नाहीतर कुजतो. चुकलंच तर गणपती होऊन पाऊस ओसरला की. ३-४ वर्षांनी गवती चहा फोडावाच लागतो, न फोडल्यास मरत नाही पण पान बारीक नि चरबरीत होतं आणि चहाला वास कमी लागतो. पानं वीतभर ठेवून कापा (कापलेली सुकवून ठेवा, वर्षभर पुरतात), २-३ फुटव्यांचा एक जुडगा धरून लावा, दोन जुडग्यांत दोन फूट अंतर, जागा उताराची किंवा उंचवट्याची. बाही लांब घाला, हाताला चरे पडतात.

प्रश्न (नाशिक): निशिगंध लावून चौथं वर्ष. पानं गवतासारखी दाट, दांडे मात्र ५-६ च. खत वाढवू का?

खत वाढवलंत तर अजून गवत वाढेल. काका, निशिगंधाचं एक लक्षात घ्या, ज्या कंदाने एकदा दांडा दिला तो परत देत नाही, पुढचं फूल त्याच्या बाजूच्या पिल्लांनी द्यायचं असतं, आणि दाटीत ती पिल्लं जाड होतच नाहीत. शेतकरीसुद्धा २-३ वर्षांनी पीक काढून नव्याने लावतात. सध्या पाणी तोडा, पानं पिवळी पडली की सगळं उकरा, माती झटकून सावलीत पसरून सुकवा. मग निवडायला बसा, सुपारीएवढे नि त्याहून मोठे एका बाजूला, ते एप्रिल-मेमध्ये लावायचे, त्यांना याच वर्षी फुलं. हरभऱ्याएवढे एका कोपऱ्यात वेगळे लावा, त्यांना मोठं व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. मोठे कंद मधोमध पोकळ लागले तर समजा ते फुलून गेलेले आहेत, फेकून द्या.

प्रश्न (न्यू जर्सी): आम्ही घर घेतलं तेव्हापासून अंगणात पिओनी आणि होस्टा आहेत, १० वर्षं झाली. पिओनीला मे-जूनमध्ये भरभरून फुलं येतात. इथले शेजारी म्हणतात पिओनीला हात लावू नका. आईला फोनवर विचारलं तर ती म्हणाली मृगात फोड!

आईला नमस्कार सांगा, पण तुमच्याकडे मृग नाही, बर्फ आहे. तिथला हिशोब थंडीचा. साधारण ठोकताळा असा की वसंतात फुलणारं झाड शरद ऋतूत फोडायचं आणि उन्हाळा सरताना फुलणारं वसंतात, म्हणजे फुलायचा हंगाम आणि फोडणं एकमेकांच्या अंगावर येत नाही. होस्टा गरीब झाड आहे, वसंतात त्याचे कोंब पेन्सिलीच्या टोकासारखे वर आले की फोडा, किंवा सप्टेंबरमध्ये, फक्त जमीन गोठायच्या आधी मुळ्या धरायला ५-६ आठवडे मिळायला हवेत.

पिओनीचं शेजारी बरोबर सांगतायत. ती एका जागी कित्येक दशकं सुखाने राहते आणि फुलं भरभरून येत असताना फोडायचं कारणच नाही. घर बदलताय, बहिणीला द्यायचीय, असं काही असेल तरच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काढा, एका तुकड्याला ३ ते ५ लाल डोळे ठेवा आणि ते डोळे मातीखाली २ इंचांहून खोल जाऊ देऊ नका, खोल गेले तर पान येतं नि फूल येत नाही. आणि मग २-३ वर्षं फुलाची वाट बघायची तयारी ठेवा.

प्रश्न (कोल्हापूर): बर्ड ऑफ पॅराडाईज ६ वर्षांचं आहे, खूप दाट, फुलंही मस्त येतात. दाट झालंय म्हणून फोडू का?

दादा, फुलं मस्त येतायत ना? मग कुदळ परत ठेवा. हे झाड दाटीतच खूश असतं. माझं बेट तुमच्यासारखंच भरघोस होतं, मैत्रिणींना वाटून द्यायचं म्हणून मीच सगळं फोडलं, चौघींना दिलं, आणि पुढची ३ वर्षं आम्ही पाचही जणी एकमेकींना फोन करून विचारत होतो, तुझ्याकडे आलं का फूल? कुणाला द्यायचंच असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर अगदी कडेचं एखादं पिल्लू मुळ्यांसकट काढा, मूळ बेट हलू न देता.