जुन्या फोर्डचे ड्रम ब्रेक: आधी ओळख, मग खर्च

भावा, १९४० ची फोर्ड घेतलीस, मस्तच! डिस्क किट (ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवायचा संच) मागवू का विचारलंस, पण लगेच ऑर्डर करू नको, आधी पुढचा एक ड्रम (चाकासोबत फिरणारं गोल भांडं, ब्रेक त्याला आतून दाबतो) काढून आत काय आहे ते नीट बघ. फोर्डने हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरचे) ब्रेक १९३९ पासून दिले, त्याआधी रॉडवाले मेकॅनिकल, पण ८० वर्षांत कोणी काय बदललंय सांगता येत नाही.

खाली दोन अँकर बोल्ट (शूचं टोक धरून ठेवणारे), प्रत्येक शूला (ड्रमला आतून दाबणारी वक्र पट्टी) वेगळा, म्हणजे लॉकहीड प्रकारचा ब्रेक. वर एकच पिन आणि खाली दोन्ही शूंना जोडणारा स्टार अॅडजस्टर (शू आणि ड्रममधलं अंतर जुळवणारा दातेरी स्क्रू), म्हणजे बेंडिक्स प्रकार. बेंडिक्समध्ये फिरणारा ड्रमच शू आणखी दाबतो, त्यामुळे पाय कमी लागतो, म्हणून जुने हॉट रॉडवाले (जुन्या गाड्या बदलून वेगवान करणारे) लिंकन गाड्यांचे बेंडिक्स शोधत फिरायचे.

नवीन लोक हमखास चुकतात ते हे:

- मागचा ड्रम हातोड्याने ठोकणे. तो टेपर (निमुळत्या) अॅक्सलवर की (धातूची छोटी पाचर) घालून बसलेला असतो, पुलरच (ओढून काढायचं साधन) लागतो. मी पहिल्यांदा ठोकला, ड्रम गेला.
- आतली धूळ एअरने उडवणे. जुन्या लायनरमध्ये (शूवरचा घासणारा थर) अॅस्बेस्टॉस असतं रे, श्वासात गेलं तर घातक, ओलं करून पूस, मास्क लाव.
- शू नवे, पण रबरी होज आणि व्हील सिलिंडर (चाकापाशी तेलाच्या दाबाने शू ढकलणारे) जुनेच.

पहिला अपग्रेड म्हणशील तर ड्युअल मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर चाकांकडे तेल ढकलणारा, पण दोन वेगळ्या भागांचा). मूळचा सिंगल आहे, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. डिस्क, प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह (पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब जुळवणारा) वगैरे नंतर बोलू, आधी ड्रम काढून फोटो टाक.