परदेशात स्वस्त वाइन महागली, आपल्याकडे पव्वा महागला. करवाढीने पिणं खरंच कमी होतं का, की गरिबाचाच खिसा कापला जातो?

तुमचा मुलगा इंग्लंडला शिकतो, तिथली साधी पाच पौंडांची वाइनही करामुळे परवडेनाशी झाली म्हणतो, आणि इकडे २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही दारूवरचा कर वाढवला. म्हणून तुम्ही विचारलंत की याने पिणं कमी होतं का. मी यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव तालुक्यात, वर्धा नदीच्या काठच्या एका गावात राहते. महिला बचत गटांचे हिशेब लिहिणं हे माझं काम. माझा भाचा लीड्सला शिकतो आणि संध्याकाळी एका सुपरमार्केटमध्ये काम करतो, त्यामुळे तिथल्या वाइनच्या किमतींवर आमचं फोनवर बरंच बोलणं होतं. दोन्हीकडचे आकडे समोर ठेवूनच उत्तर देते.

आधी सरळ उत्तर. होय, दारू महाग झाली की एकूण विक्री कमी होते. याबद्दल फार वाद उरलेला नाही. पण कर कशावर मोजला जातो, आणि महागलेल्या बाटलीच्या शेजारी तिच्याहून स्वस्त काय मिळतं, या दोन गोष्टी पाहिल्याशिवाय तो कर कुणाला सुधारतो आणि कुणाला नुसता नागवतो हे कळत नाही.

इंग्लंडचा हिशेब मांडते. तिथे १ ऑगस्ट २०२३ पासून दारूवरचा कर तिच्यातल्या अल्कोहोलच्या प्रमाणावर मोजतात. त्याआधी ७५० मिलिलिटरच्या साध्या वाइनवर २.२३ पौंड कर होता, तो त्या दिवशी २.६७ झाला. दीड वर्षं ११.५ ते १४.५ टक्क्यांच्या सगळ्या वाइन १२.५ टक्क्यांच्या धरायची सवलत होती. ती १ फेब्रुवारी २०२५ ला संपली आणि दरही वाढले. २०२५ च्या त्या दरांनी साडेबारा टक्क्यांच्या बाटलीवर २.७७ पौंड आणि साडेचौदा टक्क्यांच्या बाटलीवर ३.२१ पौंड कर लागत होता. त्यावर पुन्हा २० टक्के व्हॅट.

आता तुमच्या मुलाची पाच पौंडांची बाटली २०२५ च्या दरांनी मोजा. त्यातले ८३ पेन्स व्हॅटचे, २.७७ पौंड दारूकराचे. उरले १.४० पौंड. एवढ्यात काच, बूच, लेबल, जहाजाचं भाडं, दुकानदाराचा नफा आणि शेवटी द्राक्षं. दहा पौंडांच्या बाटलीवर दारूकर तेवढाच, व्हॅट १.६७ पौंड, आणि मागे साडेपाच पौंडांहून जास्त उरतात. म्हणजे स्वस्त बाटलीतले ७२ टक्के सरकारला जातात आणि दुप्पट किमतीच्या बाटलीतले ४४ टक्के. कर लिटरवर किंवा अल्कोहोलवर मोजला की भार सगळ्यात स्वस्त बाटलीवर पडणारच. तुमच्या मुलाची तक्रार खरी आहे. त्याला लेबलवरचा टक्का बघायला सांगा. त्याच दरांनी ११ टक्क्यांच्या बाटलीवर साधारण २.४४ पौंड कर बसतो, म्हणजे साडेचौदाच्या मानाने व्हॅट धरून नव्वद पेन्सच्या वर फरक पडतो. बऱ्याच कंपन्यांनी याच कारणाने स्वस्त वाइनमधलं अल्कोहोल कमी केलं आहे, आणि बिअरवाल्यांनीही ३.५ टक्क्यांच्या खाली कमी दर लागतो म्हणून ३.४ टक्क्यांच्या बिअर काढल्या. माझ्या मते हा या कराचा सगळ्यात चांगला परिणाम आहे. माणसाला उपदेश केला नाही, आणि त्याच्या पेल्यातली दारू मात्र हलकी झाली.

हे कर वाढत का जातात, तर लिटरमागे ठरलेली रक्कम महागाईत झिजते. ब्रिटनने वाइनवरचा कर २०१९ नंतर चार वर्षांहून अधिक काळ हलवलाच नव्हता, म्हणून २०२३ ची उडी एवढी बोचली. आरोग्याचंही कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये तंबाखू, दारू आणि गोड पेयं २०३५ पर्यंत करांद्वारे निदान ५० टक्क्यांनी महाग करा असं सगळ्या देशांना सांगितलं. पण सगळे देश वाइनला हात लावत नाहीत. जर्मनी, इटली, स्पेनमध्ये साध्या वाइनवर दारूकर शून्य आहे आणि फ्रान्समध्ये बाटलीमागे तीन-चार सेंट. जिथे द्राक्षाचा शेतकरी मतदार आहे तिथे वाइन करातून सुटते. आपल्याकडेही २०२५ च्या करवाढीतून वाइन आणि बिअर वगळल्या गेल्या. नाशिककडे द्राक्ष पिकतं, हे लक्षात घ्या.

शेजारी काय मिळतं, या दुसऱ्या मुद्द्यावर फिनलंडचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. २००४ मध्ये शेजारचा एस्टोनिया युरोपीय संघात आला. तिथली स्वस्त दारू बोटीने भरभरून येणार या भीतीने फिनलंडने आपला दारूकर सरासरी एक तृतीयांशाने उतरवला. पिणं वाढलं आणि त्याच वर्षी दारूमुळे होणारे मृत्यूही वाढले. पुढे एस्टोनियाने २०१७ च्या सुमारास कर चढवला, तर त्यांचे लोक लाटव्हियाच्या सीमेवर खरेदीला जाऊ लागले, आणि २०१९ मध्ये त्यांनाही कर २५ टक्क्यांनी खाली आणावा लागला.

सीमेची ही गोष्ट आम्हाला नवी नाही. नदीपलीकडचा वर्धा जिल्हा सत्तरच्या दशकापासून दारूबंदीचा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला लागली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी म्हणजे एका अर्थी सगळ्यात मोठा कर, कारण चोरून विकणारा जोखमीचे पैसे लावतो. आमच्या काठावरून पलीकडे गेलेल्या पव्व्याचा भाव पाण्यातून जाताजाता वाढतो, आणि त्या वाढलेल्या पैशातला एक रुपयाही सरकारच्या तिजोरीत जात नाही. तरीही मी बंदीच्या विरोधात बोलणार नाही. चंद्रपूरच्या बंदीसाठी बायका चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत चालत गेल्या होत्या. त्यांना काय सोसावं लागत होतं ते मला माहीत आहे.

आता आपल्या महाराष्ट्राचं. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचा कर निर्मितीखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केला, आणि देशीवरचा कर प्रूफ लिटरमागे १८० वरून २०५ रुपये. प्रूफ लिटर म्हणजे साधारण ५७ टक्के अल्कोहोलच्या दारूचा एक लिटर. १८० मिलिलिटरच्या पव्व्याच्या किमान किमतीही सांगितल्या: देशी ८० रुपये, नव्याने आणलेलं धान्याधारित महाराष्ट्र मेड मद्य १४८, विदेशी २०५, आणि भारी विदेशी ३६०. देशी दारू २५ अंडर प्रूफ, म्हणजे त्या मापाहून २५ टक्के हलकी, ४२.८ टक्क्यांची असते. एका पव्व्यात ०.१३५ प्रूफ लिटर. त्यावरचा कर २४ रुपये ३० पैशांवरून २७ रुपये ६८ पैशांवर गेला. वाढ साडेतीन रुपयांच्याही आत! विदेशीचा पव्वा मात्र दीडशेच्या आतून दोनशेच्या वर.

या दोन आकड्यांमधली दरी पाहा. जो माणूस विदेशी पीत होता तो दारू सोडत नाही, एक पायरी उतरतो. जो देशी पीत होता त्याला करवाढ जवळपास लागलीच नाही. त्याला जे लागतं ते वेगळंच. परवानाधारक देशी भट्टी, म्हणजे देशी दारूचं दुकान, आमच्यापासून दूर आहे. तिथून पेटी उचलून गावात कुणाच्या तरी घरातून सुटे पव्वे विकले जातात, छापील किमतीच्या वर वीस-तीस रुपये घेऊन. सरकारने एवढा घोळ घालून जेवढा कर वाढवला त्याच्या कितीतरी पट रक्कम तो मधला माणूस एका रात्रीत वाढवतो. आणि त्याच्याही खाली आहे मोहाची हातभट्टी. नाल्याकाठी सडवा, म्हणजे आंबवलेला मोह, पुरलेला असतो, त्याला ना कर ना मोजमाप. किमतीच्या शिडीची सगळ्यात खालची पायरी सरकारच्या हातातच नसेल, तर वरच्या पायऱ्या कितीही उंच करा, माणूस खाली उतरत जातो. तिथे पोचल्यावर काय होऊ शकतं ते जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत दिसलं, विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली.

आणि जो उतरत नाही, सवयीचाच झाला आहे, त्याचं काय? स्कॉटलंडने २०१८ पासून दारूची किमान किंमत ठरवून दिली, एका युनिटला, म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला, ५० पेन्स, आणि सप्टेंबर २०२४ पासून ६५ पेन्स. साडेबारा टक्क्यांची वाइनची बाटली तिथे सहा पौंडांच्या खाली विकताच येत नाही. तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये मूल्यमापन केलं. विक्री साधारण तीन टक्क्यांनी उतरली, निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू १३ टक्क्यांच्या वर कमी झाले. ही मोठी गोष्ट आहे, शेकडो घरांतली माणसं वाचवणारी. त्याच अहवालात असंही आलं की व्यसनात पुरते अडकलेले काही गरीब लोक दारू सोडत नाहीत, जेवणाचे पैसे दारूकडे वळवतात.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या गटाचं रजिस्टर आठवलं. वेचणीच्या हंगामात बायकांच्या हातात किलोमागे मजुरी येते, आठवड्याची बचत भराभर जमा होते. त्याच घरातला कापूस विकून चुकारा मात्र नवऱ्याच्या हाती येतो. त्या आठवड्यांत काही नावांपुढे बचतीचा रकाना रिकामा राहू लागतो, आणि अंतर्गत कर्जाच्या पानावर त्याच नावापुढे 'किराणा' असं कारण लिहावं लागतं. करवाढ झाली तेव्हा मी एका सदस्य ताईला विचारलं, आता तरी कमी पितात का? ती म्हणाली, "भाव वाढला तं थो दारू नाई सोडत बाई, तेलाचं पाकीट सोडते." सरकारच्या तिजोरीत जमा झालेल्या कराचा एक हिस्सा तिच्या फोडणीतून गेलेला आहे, हे मला डोळ्यांनी दिसतं.

म्हणून करच नको, असं मी म्हणत नाही. कर हवाच, आणि तो इंग्लंडसारखा अल्कोहोलच्या प्रमाणावर हवा, देशी-विदेशी भेद न करता. आज आपल्याकडे विदेशीला खर्चाच्या पटीत आणि देशीला प्रूफ लिटरवर असं दोन तराजूंनी मोजतात, आणि त्यामुळेच विदेशीइतकीच कडक असलेली देशी सगळ्यात स्वस्त राहते. हळूहळू पिणाऱ्या, नव्याने हात लावणाऱ्या पोरांना किंमत अडवते. आमच्या गावातली विशी-बाविशीची मुलं हॉटेलात बसून बिअर घेण्याआधी खिसा चाचपतात. पण पंधरा वर्षांपासून रोज पिणाऱ्याला किंमत अडवत नाही. त्याला औषधोपचार लागतो, आणि तो तालुक्याच्या ठिकाणी मोफत मिळायला हवा. या करवाढीतून वर्षाला १४,००० कोटी रुपये जास्त येतील असा सरकारचा अंदाज होता. त्यातला थोडा भाग ग्रामीण रुग्णालयात दारू सोडवणाऱ्या खाटांवर खर्च करा, एवढी मागणी मी जिथे संधी मिळेल तिथे करते.

तुम्ही शेवटी विचारलंत की गावपातळीवर काय करता येईल. दुकान परवान्याचं असेल तर २००८ च्या नियमाने महिला मतदान मागता येतं. नोंदणी असलेल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून अर्ज द्यायचा, आणि मतदानात एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मतं 'आडव्या बाटली'ला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या बाजूने, पडली की दुकान बंद होतं. मतदान करायला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हेत, यादीतल्या एकूण महिलांपैकी, हे ध्यानात ठेवा. कामाच्या दिवशी मतदान लागलं की बायका वेचणीला जातात आणि दुकान वाचतं, म्हणून तारखेकडे लक्ष ठेवा. घरातून सुटे पव्वे विकणाऱ्यावर मात्र या मतदानाचा काही उपयोग नाही, कारण त्याच्याकडे परवानाच नाही. त्यासाठी ग्रामसभेत ठराव घ्या, ठरावाची प्रत पोलीस ठाण्याला आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाला द्या, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. आमच्या गटाने तेच केलं आहे. पुढचा अर्ज महिन्याभरात पुन्हा देणार आहोत.