पावसाचा आवाज लावल्याशिवाय झोप येत नाही, हे व्यसन आहे का?

"मॅडम, मला या आवाजाचं व्यसन लागलंय का?" चाळिशीतल्या एका शिक्षिकेने विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) बरेच दिवस त्या मोबाइलवर पावसाचा आवाज लावूनच झोपत होत्या. एकदा परगावी चार्जर विसरला, फोन बंद पडला आणि सगळी रात्र जागून निघाली. तेव्हापासून त्यांनी धसकाच घेतला होता. हीच काळजी घेऊन माझ्याकडे पुष्कळ जण येतात.

मी त्याला व्यसन म्हणत नाही. झोपेतही आपले कान बंद नसतात. जाग येते ती बहुतेकदा आवाज अचानक बदलल्यामुळे. निजानीज झालेल्या घरात दाराची कडी वाजली की आपण दचकतो. संततधारेत तीच कडी ऐकूही येत नाही. पावसाच्या आवाजात खालच्या-वरच्या सगळ्या पट्ट्या मिसळलेल्या असतात, म्हणून तो इतर आवाज झाकतो. मात्र त्याने झोप खरोखर सुधारते, याचे पुरावे अजून भक्कम नाहीत. आधार म्हणून तो चांगला, निद्रानाशावरचा उपचार म्हणून नाही.

मला जास्त उत्सुकता त्या जागरणाची होती. "आवाज नव्हता, मग रात्रभर काय करत होतात?"

"घड्याळ बघत होते. आत्ता डोळा लागला तर किती तास मिळतील, उद्या वर्गात उभी कशी राहणार…"

त्यांची झोप उडवली ती या हिशेबाने. घरीही वेगळं नव्हतं. अंथरुणात पडून एकामागून एक ट्रॅक लावायचे, पत्र्यावरचा पाऊस, पानांवरचा, गडगडाटाचा, आणि दर वेळी "याने येतेय का झोप?" म्हणून स्वतःला तपासायचं. असा पहारा ठेवला की झोप येणारच कशी?

मग आम्ही एकच ट्रॅक ठरवला, विजांचा कडकडाट नसलेला, आधीच डाउनलोड केलेला. फोन हाताला लागणार नाही इतका दूर. इअरफोन बंद. आवाज इतकाच, की खोलीतलं साधं बोलणं त्यातून सहज ऐकू यावं. टायमर संपला की त्यांना जाग यायची, म्हणून तो काढला आणि रात्रभर अगदी हळू आवाज ठेवला. ज्यांना फक्त सुरुवातीला झोप लागायला त्रास होतो, त्यांना हळूहळू विरत जाणारा टायमर चालतो.

खरी मेहनत पुढे होती. उठायची वेळ रोज एकच. झोप येत नसेल तर अंथरुणातून उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, डोळे जड झाले की परतायचं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही वापरतात. पहिल्या आठवड्यात त्या माझ्यावर वैतागल्या होत्या, आणि ते साहजिकच होतं. मध्यरात्री उबदार पांघरूण सोडणं सोपं नाही. पण हळूहळू पलंगाशी जोडलेली धास्ती कमी झाली. मग अधूनमधून एखादी रात्र मुद्दाम आवाजाशिवाय. झोप थोडी उशिरा लागली, पण लागली. बाकीच्या रात्री त्या अजूनही पाऊस लावतात, आणि तो सोडायला मी सांगितलेलं नाही.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री, सलग तीन महिने झोपेचा त्रास असेल, तर ट्रॅक बदलत बसू नका. निद्रानाशासाठीची संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धती, म्हणजे झोपेविषयीचे विचार आणि सवयी बदलणारी सीबीटी-आय, जाणणाऱ्या तज्ज्ञाला भेटा. दीर्घकाळच्या निद्रानाशात औषधांच्या आधी हीच वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली आहे. आणि मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं असं घरच्यांच्या लक्षात आलं असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा.